बोट पुसून पुन्हा ठेवा

मशीन म्हणतं, बोट पुसून पुन्हा ठेवा.
मी पुसते. पुन्हा ठेवते.
मागे नऊ जण. त्यातलं कुणीतरी घड्याळ बघतं
आणि त्या बघण्यानेच
बोटाच्या टोकाला नवा थेंब येतो.
शेवटी साटम शिपाई कपाटातून वही काढतात.
बॅलार्ड पिअरच्या या चार मजली इमारतीत
सही करून हजर होणारी मी एकटी.

लोक म्हणतात, मुंबईत घाम कुणाला येत नाही?
खरंय. म्हणून तर ऑक्टोबर मला आवडतो.
भारतमाताच्या स्टॉपवर सगळ्यांचीच पाठ भिजलेली,
सगळ्यांच्याच हातात रुमालाचा बोळा,
मी त्यांच्यातली एक.
प्रश्न जानेवारीचा आहे.
एसी अठरावर, बायका शाली पांघरून फायली चाळतायत,
आणि माझ्या तळव्यातून
एक ओघळ कोपराकडे निघालाय,
कुणी काही विचारलेलं नसताना.

दहावीच्या इतिहासाच्या पेपरात
माझं अख्खं पानिपत विरघळलं.
बाईंनी शेरा मारला : अक्षर सुधारा.

तेव्हापासूनचे नियम :
राखाडी घालायचं नाही. आकाशी तर नाहीच.
पर्समध्ये तीन रुमाल, चौथा ब्लाउजमध्ये.
लग्नाच्या हॉलमध्ये पंख्याखालची खुर्ची,
ती गेली असेल तर अहेर देऊन घरी.
हात पुढे आला की नमस्कार.
नमस्कार ज्याने कुणी शोधला
त्याचेही हात बहुतेक असेच असणार;
दोन्ही तळवे कसे
एकमेकांत छान लपतात.

केईएमच्या ओपीडीत दोन ट्रे, नळाचं पाणी,
त्यातून मुंग्या येतील इतकीच वीज.
पोरसवदा डॉक्टर म्हणाला,
घाबरता म्हणून घाम येतो,
की घाम येतो म्हणून घाबरता?
म्हटलं, सुरुवात झाली तेव्हा मी सात वर्षांची होते,
नोंद ठेवली नाही.
चौथ्या आठवड्यात, एका गुरुवारी,
फाईलचं पान उलटताना आवाज आला.
करकरीत, कोरडा.
मी तेच पान सहा वेळा उलटलं.
मग मार्चएन्ड आला, रजा संपल्या,
ट्रे राहिले परळला.

सुलक्षणाच्या लग्नात चुडा भरायला
लालबागच्या अनुसया कासारीण आल्या.
मी रांगेत शेवटची, मुद्दाम.
तीनदा हात धुऊन आले, तीनदा टिपले,
समोर बसले तोवर पुन्हा तेच.
त्यांनी माझा पंजा धरला,
मुठीत घेऊन हाडं दाबली,
आणि हिरव्या बांगड्या एकामागून एक
सळसळत मनगटावर गेल्या.
"बाकीच्यांना साबण लावत बसले सकाळपासून," त्या म्हणाल्या,
"तुझ्या हातात एक फुटली नाही बघ."
मावश्या हसल्या. मीही, जरा उशिरा.

पण मी बघत होते ते वेगळंच.
माझा हात सोडल्यावर लोक
स्वतःचा हात कुठेतरी पुसतात,
पँटला, पदराला, खुर्चीच्या पाठीला,
मला दिसू नये अशा बेताने.
मला ते नेहमी दिसतं.
अनुसयाबाईंनी तोच ओला हात लांब केला
आणि समोरच्या बशीतला पेढा उचलून
तोंडात टाकला.

सोमवारी मशीन म्हणालं, बोट पुसून पुन्हा ठेवा.
बांगड्या वाजल्या. मागे नऊ जण.
मी वळले आणि म्हणाले,
थांबा जरा, माझे हात ओले असतात.
नेहमीच असतात.
इतकं मोठ्याने की साटमांनी चष्मा वर केला.
कुणीच काही बोललं नाही.
अकाउंट्सचा परेरा तेवढा म्हणाला, सावकाश.

मशीनने घेतलं नाहीच.
वही आली. सही केली.
शेवटचा काना जरा पसरला,
राहू दिला.